फ्लोट ट्रिपची कुळकथा

अमेरिकेच्या मिसुरी राज्याचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेला आर्कान्सॉ राज्याचा उत्तर भाग मिळून जो डोंगराळ प्रदेश होतो, त्याला ओझार्कचे पठार म्हणतात. या पठारावरील करंट, जॅक्स फोर्क, मेरामेक आणि बफेलो या नद्यांवर उन्हाळ्यात मित्रमंडळींनी भाड्याची होडी घेऊन, बर्फात ठेवलेली बिअर सोबत घेऊन, प्रवाहाच्याच गतीने दिवसभर खाली वाहत जाण्याची जी रीत आहे, ती ‘फ्लोट ट्रिप’ या नावाने ओळखली जाते. हिमालयातील किंवा कोलोरॅडोच्या दरीतील राफ्टिंगप्रमाणे येथे फेसाळत्या पाण्याशी झुंज नसते. वल्हे मुख्यतः दिशा राखण्यापुरते वापरले जाते, आणि दुपार झाली की दगडगोट्यांच्या पुळणीवर होडी ओढून घेऊन लोक पाण्यात बसतात. पाहणाऱ्याला ही निव्वळ आळसावलेली करमणूक वाटते; परंतु तिचे कूळ शोधू गेले असता ते लाकूडतोड्यांच्या श्रमापर्यंत पोहोचते, आणि ती आजवर टिकली तीही त्या श्रमामुळेच.

या रिवाजाचा पहिला आधार भूगर्भात आहे. ओझार्कचा खडक मुख्यतः चुनखडी आणि डोलोमाइट यांचा असल्याने पावसाचे पाणी भेगांतून आत मुरते, भुयारांतून वाहते आणि मोठमोठ्या झऱ्यांच्या रूपाने पुन्हा वर येते. करंट नदीच्या काठावरील व्हॅन ब्यूरेन गावाजवळचा ‘बिग स्प्रिंग’ हा अमेरिकेतील सर्वांत मोठ्या झऱ्यांपैकी एक मानला जातो. अशा झऱ्यांमुळे या नद्यांचे पाणी थंड व नितळ राहते आणि पाऊस ओसरल्यानंतरही, ऐन ऑगस्टमध्ये, होडी तरंगण्याइतका प्रवाह शिल्लक असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेचे जाळे पसरू लागले, तेव्हा रुळांखाली घालण्याच्या लाकडी स्लीपरांना मोठी मागणी आली, आणि ओझार्कच्या ओकवृक्षांवर कुऱ्हाड चालू लागली. रानात तासलेले स्लीपर उतारावरून नदीकाठी आणले जात, लांब काठ्या ठोकून त्यांचे गट बांधले जात, आणि हे गट एकमेकांना अशा रीतीने जोडले जात की वळणावर संपूर्ण तराफा लवचिकपणे वळावा. त्यावर उभे राहून माणसे बांबूएवढ्या लांब दांड्यांनी तो रेल्वेच्या ठिकाणापर्यंत नेत. कोणता डोह खोल, कोणती धार उथळ, पूर येऊन गेल्यावर कोणत्या बाजूने वाट उरते, याचे ज्ञान या माणसांनी अंगावर घाव सोसून मिळवले होते.

स्लीपर नेणाऱ्या रेल्वेनेच पुढे पर्यटक आणले. १९०६ च्या सुमारास व्हाइट नदीच्या खोऱ्यातील लोहमार्ग पूर्ण झाला, आणि जेम्स नदीवरील गलेना व व्हाइट नदीवरील ब्रॅन्सन ही दोन्ही गावे त्यावर आली. लोहमार्गाने ही गावे परस्परांच्या अगदी जवळ होती, परंतु नद्यांच्या नागमोडी वळणांमुळे पाण्यावरून तेच अंतर सुमारे १२५ मैल भरत असे. गलेनाच्या चार्ली बार्न्स आणि त्याच्या भावांनी या विसंगतीतून व्यवसाय उभा केला: पाहुण्यांनी गलेनाला होडीत बसावे, सुमारे पाच दिवस मासेमारी करत ब्रॅन्सनला उतरावे, आणि होड्या मालगाडीने गलेनाला परत पाठवाव्यात. त्यासाठी वापरली जाणारी ‘जॉनबोट’ म्हणजे सपाट तळाची, लांब व अरुंद लाकडी होडी, जी वीतभर पाण्यातूनही जाई. वल्हे मागे बसलेल्या स्थानिक वाटाड्याच्या हाती असे, आणि तंबू व शिधा घेतलेली वेगळी होडी पुढे जाऊन मुक्कामाची तयारी करी. १९३० च्या दशकात ब्रॅन्सनच्या जिम ओवेन याने या सहलींची कुशलतेने प्रसिद्धी केली आणि त्या देशभर नावारूपाला आणल्या. तरीही त्या पैसेवाल्यांच्याच राहिल्या.

१९५८ मध्ये व्हाइट नदीवरील टेबल रॉक धरण पूर्ण झाले आणि गलेना ते ब्रॅन्सन हा जुना मार्ग जलाशयाखाली गेला. महाराष्ट्रात कोलाड येथील कुंडलिकेवरचे राफ्टिंग जलविद्युत प्रकल्पातून सकाळी सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर चालते, म्हणजे तेथे धरणाने जे शक्य केले तेच येथे धरणाने बुडवले. मात्र तोवर ही रीत मुक्त वाहणाऱ्या इतर नद्यांवर पोहोचली होती, आणि तिचे वाहनही बदलले होते. न्यूयॉर्कजवळच्या ग्रुमन या विमानकंपनीतील अधिकारी विल्यम हॉफमन यांना १९४४ मध्ये अॅडिरॉन्डॅक पर्वतातील सहलीत कापडमढी कनू खांद्यावरून वाहून न्यावी लागली, आणि तिच्या ओझ्यावरून त्यांना विमानाच्या धातूची होडी सुचली. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, हलकी, वल्ह्याने चालवायची होडी. अॅल्युमिनिअमचा पत्रा साच्यावर ताणून दोन अर्ध्या भागांना आकार द्यायचा आणि ते मध्यरेषेवर रिव्हेटने जोडायचे, हे विमानबांधणीचे तंत्र युद्ध संपताच होड्यांसाठी वापरात आले. दगडावर आपटली तरी ही कनू सहसा पोचा येण्यावरच निभावत असे आणि तिला दरवर्षी रंगरोगण लागत नसे. म्हणून नदीकाठच्या माणसाला अशा अनेक कनू विकत घेऊन दिवसाच्या भाड्याने देणे परवडू लागले. वाटाड्या गेला, पाहुण्याच्या हाती वल्हे आले, आणि सेंट लुईसच्या कामगारालाही रविवारची नदी खुली झाली.

बिअरचा वाटाही त्याच काळात बदलला. मद्यबंदी उठल्यानंतर, जानेवारी १९३५ मध्ये क्रूगर कंपनीने व्हर्जिनियातील रिचमंड येथे डब्यातील बिअर प्रथम विक्रीस आणली. १९५९ मध्ये कूर्सने अॅल्युमिनिअमचा डबा आणला, आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी ओढून उघडायची कडी आल्यावर वेगळे हत्यार नेण्याची गरजही उरली नाही. न फुटणारा, बर्फात लवकर गार होणारा डबा होडीच्या सहलीला काचेच्या बाटलीपेक्षा कितीतरी सोयीचा ठरला.

होडी व डबा मिळाले तरी नदीवर जाण्याचा हक्क कोणाचा, हा प्रश्न उरत होता, कारण मिसुरीतील लहान नद्यांचा तळ बहुधा काठच्या शेतकऱ्यांच्या मालकीचा असतो. मेरामेक नदीवरून उद्भवलेल्या ‘एल्डर विरुद्ध डेलकोर’ या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये निर्णय दिला की तळ खासगी असला तरी वाहते पाणी हा लोकांचा मार्ग आहे, आणि त्यावरून कनूने जाण्यास, त्यात उतरून चालण्यास व मासे धरण्यास कोणालाही मज्जाव करता येणार नाही. या निष्कर्षाचा एक महत्त्वाचा आधार असा होता की या नदीतून पूर्वी लाकडे वाहून नेली जात असत. वहिवाटीतून हक्क सिद्ध होतो हे तत्त्व न्यायशास्त्रात जुनेच आहे; परंतु ती वहिवाट निर्माण करणाऱ्या अनामिक कष्टकऱ्यांची आठवण सहलीच्या पुस्तिकांतून क्वचितच काढली जाते, आणि ही उणीव खटकणारी आहे.

करंट आणि जॅक्स फोर्क या नद्यांवरही धरणांचे प्रस्ताव होते. ते मागे पडून १९६४ च्या कायद्याने सुमारे १३४ मैलांचे प्रवाह राष्ट्रीय संरक्षणाखाली आले, आणि १९७२ मध्ये बफेलोलाही तसा दर्जा मिळाला. त्यासाठी अनेक कुटुंबांच्या जमिनी सरकारने घेतल्या, आणि तो सल त्या खोऱ्यांत अद्याप आहे. संरक्षित नदीवर गर्दी वाढली, कनूच्या जोडीला रबरी तराफे व हवा भरलेल्या ट्यूब आल्या, तसे निर्बंधही आले. मिसुरीत सहज उलटू शकणाऱ्या होडीत काचेची पात्रे नेण्यास मनाई आहे, शीतपेटीचे झाकण घट्ट बसणारे असावे लागते, आणि रिकामे डबे परत आणण्यासाठी होडीला पिशवी बांधून ठेवावी लागते. एका दमात बरीच बिअर घशाखाली उतरवण्याच्या नळी-नरसाळ्याच्या साधनावरही राज्यातील बहुतेक लहान नद्यांवर बंदी घालण्यात आली आहे.