गाव न सोडता शहरवासी

1843 साली पणजी राजधानी झाली, तरी गोवा खेड्यांचाच राहिला. 1961 साली मुक्ती मिळाली तेव्हाही बहुतेक गोंयकार गावातच राहत होते. पुढे चित्र पालटले. 2001 च्या जनगणनेत 49.76 टक्के लोक शहरी होते, 2011 मध्ये 62.17 टक्के झाले.

मग एवढी माणसे पणजी-मडगावला राहायला गेली का? तसे नव्हे. बऱ्याच ठिकाणी माणसे जागच्या जागी राहिली आणि गावच शहरांच्या यादीत गेला. 5000 वस्ती, चौरस किलोमीटरला 400 माणसे आणि 75 टक्के कामकरी पुरुष शेतीबाहेर, एवढे जुळले की जनगणना गावाला शहर म्हणते. कारभार मात्र पंचायतीकडेच!

आणखी एक फरक पाहा. 2011 मध्ये ग्रामीण गोव्यात हजार पुरुषांमागे 1003 स्त्रिया होत्या, शहरी भागात 956. कामासाठी पुरुष शहराकडे येतात, हे त्याचे एक कारण.

म्हणजे कचरा, सांडपाणी शहराएवढे आणि ते निस्तरायला पंचायतीची तुटपुंजी तिजोरी. पालिका आली तर ग्रामसभा जाते, नाही आली तर सोयी अपुऱ्या पडतात. आपल्याला यातले काय हवे, हे आपल्या ग्रामसभेत कधी बोलले गेले आहे का?