संमिश्र आइस हॉकी स्टिक

बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीत पक (कठीण रबराची चकती) खेळविण्यासाठी व फटकाविण्यासाठी वापरले जाणारे, मुख्यत्वे कार्बन तंतू व इपॉक्सी रेझीन यांपासून बनविलेले साधन. लांब पोकळ दांडा व त्याच्या टोकाशी कोनात वळलेले पाते हे तिचे दोन भाग होत. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या स्टिकने व्यावसायिक खेळातून लाकडी स्टिक जवळजवळ हद्दपार केली. वजनाने हलकी, आकाराने अचूक आणि किंमतीने महाग असलेली ही स्टिक लाकडी स्टिकपेक्षा कितपत सरस आहे व ती किती काळ टिकते, हा प्रश्न तेव्हापासून खेळाडू, उत्पादक व संशोधक या तिघांपुढेही आहे. त्याचे उत्तर समजण्यासाठी आधी स्टिकचा पूर्वेतिहास पाहणे आवश्यक ठरते.

कॅनडाच्या नोव्हा स्कोशा प्रांतातील मिकमॉ या आदिवासी जमातीचे कारागीर एकोणिसाव्या शतकात हॉर्नबीम या अतिशय चिवट लाकडापासून अखंड स्टिक कोरून काढीत. बुंधा मुळांकडे जिथे नैसर्गिक रीत्या वळतो, तो भाग निवडल्यामुळे लाकडाचे तंतू दांड्यातून पात्यात न तुटता जात. ही तंतूंची अखंडता हेच त्या स्टिकच्या बळाचे रहस्य होते. हॉर्नबीम दुर्मिळ झाल्यावर पिवळ्या बर्चचा वापर होऊ लागला. डार्टमथ येथील स्टार मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने अशा स्टिका ‘मिकमॅक’ या नावाने दूरवर विकल्या. केप ब्रेटन येथे १८३५–३८ या काळात शुगर मॅपलच्या लाकडापासून केलेली ‘मॉफट स्टिक’ ही ज्ञात असलेल्यांपैकी सर्वांत जुनी मानली जाते. कॅनडाच्या इतिहास संग्रहालयाने ती २०१५ मध्ये ३ लाख डॉलरांस विकत घेतली. मैदानी हॉकीत आपल्याकडे तुतीच्या लाकडाला जे स्थान होते, तेच बर्फावरील हॉकीत प्रथम हॉर्नबीम व बर्चला आणि नंतर मॅपल व अ‍ॅश यांना लाभले.

विसाव्या शतकात दांडा व पाते वेगवेगळे करून सांधण्याची पद्धत रूढ झाली. पुढे लाकडाचे पातळ थर एकमेकांस चिकटवून त्यांवर काचतंतूंचे आवरण देण्यात येऊ लागले. क्वीबेक प्रांतातील शेरब्रुक येथे त्या काळी तयार होत असलेल्या ‘शेर-वुड’ स्टिका या वर्गातील होत्या. काटेकोरपणे पाहता याही संमिश्र द्रव्याच्याच स्टिका होत्या. परंतु लाकडाचे प्रमाण मोठे असल्याने त्यांना लाकडीच म्हटले गेले. लाकूड एकजिनसी नसते. एकाच कारखान्यातील, एकाच खेळाडूसाठी केलेल्या डझनभर स्टिकांतही वजन, ताठरता व पात्याचा बाक यांत फरक पडे आणि खेळाडू त्यांतून दोनचारच निवडीत. शिवाय बर्फाचे पाणी शोषून पाते हळूहळू मऊ पडे. १९८० नंतरच्या दशकात ईस्टन या अमेरिकन कंपनीची अ‍ॅल्युमिनियमची स्टिक पुढे आली. तिचा दांडा धातूचा असून लाकडी पाते उष्णतेने विरघळणाऱ्या चिकटद्रव्याने त्यात बसवीत. विख्यात खेळाडू वेन ग्रेट्स्की याने १९९० मध्ये ती स्वीकारल्याने तिचा बोलबाला झाला. धातूचा दांडा दीर्घकाळ टिके, पाते तेवढे बदलावे लागे. मात्र पकचा स्पर्श हाताला नीट जाणवत नाही, अशी खेळाडूंची तक्रार होती.

कार्बन तंतूंचे दांडे १९९० नंतर प्रचारात आले व २००० च्या सुमारास ईस्टनने ‘सिनर्जी’ ही दांडा आणि पाते एकसंध असलेली स्टिक बाजारात आणली. तिचे वजन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास होते. लाकडी स्टिका सहाशे ग्रॅमहूनही जड असत. अलीकडील उंची संमिश्र स्टिका चारशे ग्रॅमच्या आत आल्या आहेत. निर्मितीसाठी रेझीनमध्ये भिजविलेले कार्बन तंतूंचे पट्टे ठराविक कोनांत कापून साच्यावर गुंडाळतात व उष्णता आणि दाब देऊन ते घट्ट करतात. दांड्याच्या लांबीस समांतर असणारे तंतू वाकण्यास विरोध करतात, तिरपे तंतू पीळ पडू देत नाहीत. पात्याच्या आत फेसासारख्या हलक्या द्रव्याचा गाभा असतो. थरांची संख्या व कोन बदलून दांडा कोणत्या जागी अधिक वाकावा, हेही ठरविता येते. मिकमॉ कारागीर झाडात शोधीत असलेली तंतूंची दिशा आता इच्छेनुसार रचता येऊ लागली, एवढाच काय तो तत्त्वतः फरक.

कार्यक्षमतेचा विचार करताना स्टिक ही एक स्प्रिंग मानावी लागते. स्लॅप शॉट या जोरदार फटक्यात खेळाडू पकवर थेट प्रहार करीत नाही; पकच्या किंचित मागे पाते बर्फावर आदळते, दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि तो सरळ होताना साठलेली स्थितिस्थापक ऊर्जा पकला मिळते. पाते व पक यांचा संपर्क सेकंदाच्या काही शतांशांपुरताच असतो. दांड्याची ताठरता ‘फ्लेक्स’ या अंकाने दर्शवितात : टेकूंवर ठेवलेला दांडा मध्यभागी एक इंच वाकविण्यासाठी जितके पौंड बल लागते, तो त्याचा अंक होय. हा अंक स्टिकवर छापलेला असला, तरी उंचीनुसार दांडा कापून आखूड केला की ताठरता वाढते आणि छापील अंक निरुपयोगी ठरतो. स्टिकांची तुलना करणाऱ्या पुष्कळ हौशी चाचण्या या साध्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतात.

मग नव्या स्टिकमुळे फटक्याचा वेग वाढला काय? माँट्रिऑल येथील मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये सहा निष्णात खेळाडूंना चार वेगवेगळ्या ताठरतेच्या स्टिका देऊन स्लॅप शॉट मोजले. स्टिकांमधील फरकापेक्षा खेळाडूंमधील फरकाचा वेगावर अधिक परिणाम होतो, असे त्यांना आढळले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात वीस पुरुष व वीस स्त्रिया यांनी वेगवेगळ्या रचनेच्या तीन दांड्यांनी फटके मारले. तेथेही कौशल्य व शारीरिक बळ निर्णायक ठरले, दांड्याचा प्रकार नव्हे. विक्रमही याला दुजोरा देतात. नॅशनल हॉकी लीगच्या कौशल्य स्पर्धेत १९९३ मध्ये, म्हणजे एकसंध संमिश्र स्टिक अवतरण्यापूर्वी, अल आयाफ्रेटी याने ताशी १०५.२ मैल (सु. १६९ किमी.) वेगाचा फटका मारला होता. तो विक्रम मोडण्यास २००९ साल उजाडावे लागले व तेव्हाही झ्देनो हारा याची आघाडी अवघी ०.२ मैलांची होती. हाराने २०१२ मध्ये १०८.८ मैलांचा वेग गाठला. तथापि दोन मीटरांहून उंच अशा या खेळाडूच्या पराक्रमाचे श्रेय स्टिकला कितपत द्यावे, हे सांगणे कठीण आहे. संमिश्र स्टिकचा खरा लाभ अन्यत्र आहे. हलकेपणामुळे मनगटाने झटपट मारावयाच्या फटक्याची तयारी कमी वेळात होते, पकचा स्पर्श हाताला स्पष्ट जाणवतो आणि एका स्टिकसारखीच दुसरी स्टिक हाती येते. यांतील शेवटचा गुण जाहिरातींत फारसा दिसत नाही, परंतु सरावावर ज्याची उपजीविका अवलंबून आहे अशा खेळाडूला तोच सर्वाधिक मोलाचा वाटावा.

टिकाऊपणाच्या बाबतीत चित्र गुंतागुंतीचे आहे. लाकूड मोडण्यापूर्वी सूचना देते : ते चिरफळते, कुरकुरते, मऊ पडते. कार्बन तंतूंचे संमिश्र द्रव्य ओढीला अत्यंत बळकट असले, तरी ठिसूळ असते. मर्यादा ओलांडताच ते क्षणार्धात तुटते. प्रतिस्पर्ध्याच्या स्टिकचा आडवा घाव, स्केटच्या पात्याचा ओरखडा किंवा गोलखांबावरील आदळ यांमुळे आतील थर एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा रंग मात्र शाबूत राहतो. अशी जखमी स्टिक पुढे एखाद्या साध्या पासाच्या वेळीही मोडते आणि ती ‘विनाकारण’ मोडली, असे प्रेक्षकांना वाटते. वजन कमी करण्यासाठी दांड्याच्या भिंती जसजशा पातळ झाल्या, तसतसा हा धोका वाढला. मोडली नाही तरी स्टिक म्हातारी होते. पात्याचा गाभा व त्यावरील आवरण यांचा सांधा ढिला होतो, पक पात्यावरून पूर्वीसारखी उसळत नाही आणि स्टिकमधील जोर गेला, असे खेळाडू म्हणतो.

म्हणूनच स्टिक किती महिने मोडली नाही, एवढ्यावरून तिची योग्यता ठरविणे अपुरे आहे. प्रयोगशाळेत दांडा यंत्रावर हजारो वेळा वाकवून त्याच्या ताठरतेतील घट मोजतात; तसेच ठराविक उंचीवरून वजन पाडून आघात देतात व त्यानंतर उरलेले बळ तपासतात. यांतील दुसरी चाचणी प्रत्यक्ष खेळाला अधिक जवळची आहे, कारण बर्फावर स्टिक बहुधा निव्वळ वाकण्याने मरत नाही. आधी घाव बसतो, मग वाकणे तिला संपविते. एकाच नमुन्याच्या दोन स्टिकांचे आयुष्य एक सामना व एक हंगाम इतके भिन्न असू शकते, ते यामुळेच. एखाद्या खेळाडूचा एका स्टिकविषयीचा अनुभव कितीही प्रामाणिक असला, तरी त्यावरून नमुन्याची परीक्षा होत नाही.

या अनिश्चिततेची किंमत सर्वांना सारखीच मोजावी लागत नाही. व्यावसायिक संघ आपल्या खेळाडूंना स्टिका पुरवितात. मोडलेली स्टिक नियमानुसार खेळाडूने तत्काळ टाकून द्यावी लागते, अन्यथा दोन मिनिटांची शिक्षा होते, आणि बाकावरून दुसरी लगेच पुढे केली जाते. हौशी खेळाडू व वाढत्या मुलांचे पालक यांना मात्र उंची स्टिकेसाठी ३०० डॉलरांहून अधिक रक्कम स्वतः भरावी लागते. त्यावर उत्पादकाची हमी सामान्यतः अवघ्या ३० दिवसांची असते. मूल जोवर पुरेशा बळाने दांडा वाकवू शकत नाही, तोवर महाग स्टिकचा लाभ त्याला जवळजवळ मिळत नाही. उलट जाड भिंतीची, थोडी जड व स्वस्त संमिश्र स्टिक किंवा साधी लाकडी स्टिक त्याला अधिक काळ पुरते. मोडक्या स्टिकांचे पुढे काय करावे, हाही प्रश्न आहे, कारण घट्ट झालेले इपॉक्सी पुन्हा वितळत नाही व तंतू वेगळे काढणे खर्चाचे असते. तुटलेल्या दांड्याच्या आत संमिश्र द्रव्याची नळी चिकटवून तो सांधणारे व्यवसाय कॅनडा व अमेरिकेत निघाले आहेत. अशी स्टिक नवीपेक्षा बरीच स्वस्त पडते, मात्र सांध्याच्या जागी ती किंचित जड व अधिक ताठर होते.