बेव्हर्ली सिल्स : गाणे थांबल्यानंतरची कारकीर्द

ऑपेरा गायकाचे सार्वजनिक आयुष्य त्याच्या गळ्याइतकेच टिकते, असा समज आहे. ध्वनिक्षेपकाच्या मदतीविना, समोरच्या वाद्यवृंदाला पार करून नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायचा असतो. हे काम शरीराकडून फार काही मागते आणि पन्नाशीच्या सुमारास बहुतेकांचा गळा थकू लागतो. मग कोणी शिष्य घडवतात, कोणी आठवणी लिहितात, कोणी लहान मैफलींवर समाधान मानतात. अमेरिकन गायिका बेव्हर्ली सिल्स (१९२९–२००७) यांनी वयाच्या ५१व्या वर्षी गाणे पूर्णपणे थांबवले आणि पुढची सुमारे पंचवीस वर्षे न्यूयॉर्कमधील मोठ्या कलासंस्था चालवण्याचे काम केले.

या कामाचे मोल समजण्यासाठी ऑपेराचा संसार ध्यानात घ्यावा लागतो. मराठी संगीत नाटकात गद्य संवादांच्या ओघात पदे येतात. ऑपेरात बहुधा संवादही गायलेच जातात. पूर्ण वाद्यवृंद, समूहगायक, भव्य नेपथ्य आणि मोठा कपडेपट यांचा खर्च केवळ तिकीटविक्रीतून कधीच भागत नाही. युरोपात तो भार बराचसा सरकार उचलते. अमेरिकेत तो मुख्यतः खासगी देणगीदारांवर असतो. त्यामुळे तेथे संस्था जगवणारा माणूस हा गायकाइतकाच कलेचा आधार ठरतो.

बालपण आणि शिक्षण

सिल्स यांचे मूळ नाव बेल मिरियम सिल्व्हरमन. त्यांचा जन्म २५ मे १९२९ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. वडील रुमानियाचे, विमा व्यवसायातले; आई ओडेसाची आणि संगीताची चाहती. जन्मतः ओठांवर लाळेचा बुडबुडा होता म्हणून घरात तिला ‘बबल्स’ म्हणू लागले. हे लाडाचे नाव पुढे सगळ्या देशाने उचलले. चौथ्या वर्षापासून ती रेडिओवर गाऊ लागली. सातव्या वर्षी एस्टेल लीब्लिंग या नामवंत शिक्षिकेकडे तिची तालीम सुरू झाली. हे गुरुशिष्येचे नाते लीब्लिंग यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९७० पर्यंत अखंड राहिले.

१९४७ साली फिलाडेल्फियात ‘कार्मेन’मधील एका छोट्या भूमिकेने त्यांचे ऑपेरात पदार्पण झाले. त्यानंतरची वर्षे कष्टाची होती. फिरत्या कंपनीबरोबर बसचा प्रवास, रोज नवे गाव आणि रात्री प्रयोग, असा तो क्रम होता. न्यूयॉर्क सिटी ऑपेराने त्यांची अनेकदा परीक्षा घेतली आणि अखेर १९५५ साली योहान श्ट्राउस यांच्या ‘डी फ्लेडरमाउस’मध्ये प्रमुख भूमिका दिली. ही संस्था १९४३ साली महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांच्या पुढाकाराने उभी राहिली होती. सामान्य नोकरदाराला परवडेल अशा दरात ऑपेरा दाखवणे, हा तिचा हेतू. श्रीमंत आणि मानमरातब असलेल्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या सावलीत ती वाढली.

घर आणि गाणे

१९५६ साली सिल्स यांनी वृत्तपत्रसृष्टीतील पीटर ग्रीनॉ यांच्याशी विवाह केला. १९५९ साली कन्या आणि १९६१ साली पुत्र झाला. कन्या दोन वर्षांची होत असताना तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नसल्याचे निदान झाले. त्याच सुमारास मुलाला गंभीर स्वरूपाचे मानसिक अपंगत्व असल्याचे कळले. आईचा आवाज देशभर गाजला, पण तो मुलीला कधीही ऐकता आला नाही. मुलाला पुढे विशेष संगोपनगृहात ठेवावे लागले.

सिल्स यांनी काही काळ गाणे जवळजवळ सोडले. मुलीला ओठांच्या हालचालींवरून बोलणे समजून घ्यायला शिकवण्यात दिवस जात. संस्थेचे संचालक व संगीतदिग्दर्शक ज्युलियस रुडेल यांनी पाठपुरावा करून त्यांना पुन्हा रंगमंचावर आणले. परतलेली गायिका वेगळी होती. यश मिळवून दाखवण्याची धडपड मागे पडली होती. घरचे दुःख काही तास बाजूला ठेवण्याची एकमेव जागा म्हणून त्या आता रंगमंचाकडे पाहू लागल्या होत्या. त्यांच्या गायनात जो मोकळेपणा आला, तो जाणकारांनी याच काळानंतर नोंदवला आहे.

कीर्तीची वर्षे

१९६६ साली सिटी ऑपेरा लिंकन सेंटर या नव्या कलासंकुलात स्थिरावली. त्या हंगामासाठी निवडलेल्या हँडल यांच्या ‘ज्युलिओ चेझारे’मधील क्लिओपात्राची भूमिका संस्थेबाहेरील गायिकेला देण्याचे घाटत होते. सिल्स यांनी राजीनाम्याची तयारी दाखवून ती भूमिका मिळवली. त्या रात्रीनंतर ३७ वर्षांची ही गायिका प्रसिद्धीच्या शिखरावर गेली. स्त्रीकंठाच्या सर्वांत उंच पट्टीत जलद, दाणेदार ताना घेण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. १९६९ साली मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात त्यांनी रोसिनी यांच्या ऑपेरात यश मिळवले. १९७० ते १९७३ या काळात त्यांनी डोनिझेत्ती यांच्या तीन ऑपेरांतील ट्युडर काळातील तीन राण्या रंगवल्या. त्यांपैकी ‘रोबेर्तो देव्हेरो’मधील एलिझाबेथची भूमिका त्यांच्या हलक्या आवाजाला जड होती. तिने आपल्या गायनायुष्यातील काही वर्षे घेतली, हे त्यांनी स्वतःही मान्य केले. १९७१ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र आले.

मेट्रोपॉलिटन ऑपेरात मात्र त्यांचे पदार्पण ७ एप्रिल १९७५ रोजी झाले. तत्कालीन सरव्यवस्थापक रुडॉल्फ बिंग निवृत्त झाल्यावरच ही संधी आली. त्या रात्री टाळ्यांचा कडकडाट सुमारे १८ मिनिटे चालला, अशी नोंद आहे. त्यापूर्वीच्याच वर्षी त्यांच्यावर कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली होती.

दूरचित्रवाणीवरही त्या तितक्याच सहज वावरल्या. विनोदी कलाकार कॅरोल बर्नेट यांच्याबरोबर त्यांनी कार्यक्रम केला, मुलाखती घेतल्या, ‘द मपेट शो’मध्ये बाहुल्यांबरोबर गायल्या. ऑपेरा ही धनिकांची परकी करमणूक आहे, हा अमेरिकन मध्यमवर्गाचा ग्रह मोडण्यात या कार्यक्रमांचा मोठा वाटा होता. पुढे देणगीदारांसमोर उभे राहताना हीच ओळख त्यांच्या कामी आली.

सूत्रे हाती

आवाज उतरल्यावर लोकांनी ‘आता पुरे’ म्हणण्याआधी थांबायचे, असे सिल्स यांनी ठरवले होते आणि निवृत्तीची घोषणा त्यांनी दोन वर्षे आधीच केली. २७ ऑक्टोबर १९८० रोजी निरोपाचा सोहळा झाला. तोही संस्थेसाठी निधी जमवण्याकरिताच होता. शेवटी त्यांनी लीब्लिंग यांच्याकडून लहानपणी मिळालेले एक पोर्तुगीज लोकगीत गायले आणि सार्वजनिक गायनाला पूर्णविराम दिला.

तोपर्यंत त्या सिटी ऑपेराच्या संचालक झालेल्या होत्या. हाती आलेल्या संस्थेवर लाखो डॉलरची तूट होती. अडचणीही एकामागून एक आल्या. १९८३ साली वादकांचा संप आठवडेच्या आठवडे चालला. १९८५ साली न्यू जर्सीतील गोदामाला आग लागून कपडेपटातील हजारो पोशाख भस्मसात झाले. जी संस्था अनेक वर्षांच्या नाटकांचे पोशाख जपून पुन्हापुन्हा वापरते, तिच्या दृष्टीने ही भांडवलाचीच हानी होती.

सिल्स यांनी तिकिटांचे दर कमी केले, धनिकांच्या भेटीगाठी घेतल्या, अमेरिकन गायकांना प्रमुख भूमिका दिल्या. १९८३ साली त्यांनी रंगमंचाच्या वरच्या बाजूस पडद्यावर इंग्रजी भाषांतराच्या ओळी दाखवण्यास सुरुवात केली. कॅनडात त्याच वर्षी हा प्रयोग झाला होता. अमेरिकेत तो प्रथम आणला सिटी ऑपेराने. रसभंग होतो, अशी टीका झाली. पण इटालियन किंवा जर्मन न जाणणाऱ्या प्रेक्षकाला पहिल्यांदाच प्रसंगातील विनोद जागच्या जागी कळू लागला. आज जगातील बहुतेक ऑपेरागृहांत ही सोय असते.

नव्या कृतींनाही त्यांच्या काळात जागा मिळाली. अँथनी डेव्हिस यांचा माल्कम एक्स यांच्या जीवनावरील ऑपेरा १९८६ साली येथे रंगला. फिलिप ग्लास यांच्या ‘सत्याग्रह’ या ऑपेराशीही संस्थेचे नाव जोडलेले आहे. गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतील लढ्यावरील या ऑपेराची संहिता भगवद्गीतेतील संस्कृत श्लोकांची आहे. तिचे १९८५ सालचे ध्वनिमुद्रण सिटी ऑपेराच्याच समूहगायकांनी आणि वाद्यवृंदाने केले. शेजारच्या सभागृहात त्या काळी मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे संगीतदिग्दर्शक होते.

१९८९ साली सिल्स यांनी पद सोडले, तेव्हा तूट भरून निघाली होती आणि संस्थेचे अंदाजपत्रक कैक पटींनी वाढले होते.

लिंकन सेंटर, मेट आणि समाजकार्य

१९९४ साली त्या लिंकन सेंटरच्या अध्यक्ष झाल्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला आणि पहिल्या रंगकर्मी. ऑपेरा, नृत्य, वाद्यवृंद, नाटक आणि संगीतशिक्षण अशा अनेक स्वायत्त संस्थांचे हे संकुल. त्यांचे आपसांतील हेवेदावे सांभाळणे हेच तेथील मोठे काम होते. २००२ मध्ये तेथून निवृत्त झाल्यावर काही महिन्यांतच त्यांनी मेट्रोपॉलिटन ऑपेराचे अध्यक्षपद स्वीकारले. ज्या संस्थेने पंचेचाळिशीपर्यंत त्यांना दार उघडले नव्हते, तिचीच धुरा आता त्यांच्याकडे होती. नवे सरव्यवस्थापक म्हणून पीटर गेल्ब यांची निवड त्यांच्याच कार्यकाळात झाली. २००५ च्या प्रारंभी पतीच्या आजारपणामुळे त्यांनी पद सोडले. ग्रीनॉ २००६ मध्ये निवर्तले.

या सर्व काळात त्यांनी आणखी एक काम सोडले नाही. ‘मार्च ऑफ डाइम्स’ ही संस्था १९३८ साली पोलिओविरोधी कामासाठी अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने निघाली आणि लस आल्यावर जन्मजात व्यंगांच्या प्रतिबंधाकडे वळली. सिल्स यांनी अनेक वर्षे तिच्या निधिसंकलन मोहिमेचे नेतृत्व केले. स्वतःच्या मुलांविषयी त्या उघडपणे बोलत. अपंग मूल घरात लपवून ठेवण्याची रीत असलेल्या पिढीत एका प्रख्यात आईचे हे बोलणे अनेक पालकांना धीर देणारे ठरले. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या हस्ते १९८० साली त्यांना ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ हा अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

२ जुलै २००७ रोजी न्यूयॉर्क येथे फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्या ७८ वर्षांच्या होत्या.

मूल्यमापन

सिल्स यांच्या प्रशासनावर आक्षेपही घेतले गेले. सिटी ऑपेराच्या हंगामात लोकप्रिय संगीतिका वाढल्या आणि प्रयोगांचा दर्जा समान राहिला नाही, असे समीक्षकांचे म्हणणे होते. संस्था एका व्यक्तीच्या लोकसंग्रहावर फार विसंबली, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. त्यांच्यानंतर त्याच पुण्याईवर संस्था फार काळ तगू शकली नाही. २०११ मध्ये तिने लिंकन सेंटरमधील घर सोडले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१६ साली नव्या व्यवस्थापनाखाली तिने पुन्हा पडदा उघडला, तो पुच्चिनी यांच्या ‘तोस्का’ने. १९४४ साली संस्थेचा पहिला प्रयोगही ‘तोस्का’चाच होता.

गायक मोठा असला तरी संस्था सांभाळू शकेलच असे नाही. मराठी रंगभूमीच्या इतिहासातही कर्जात बुडालेल्या गायकनटांच्या कंपन्या आहेत. सिल्स यांच्याजवळ हिशेबाची वही आणि माणसांचे मन, दोन्ही वाचण्याची क्षमता होती आणि तीमुळे एक संस्था पडत्या काळात तगली. ती पुढे का कोसळली, याचे उत्तर त्यांच्या उणिवांपेक्षा त्यांची जागा घेणारी रचना उभी न राहण्यात सापडते. त्यांच्या गायनाची ध्वनिमुद्रणे आजही ऐकायला मिळतात. रंगमंचाच्या वर उमटणाऱ्या भाषांतराच्या ओळी मात्र रोज हजारो प्रेक्षक वाचतात आणि त्या अमेरिकेत कोणी आणल्या, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असते.