विहिरीतले लाल औषध

श्रोतेहो, गावात पटकी आली की विहिरीत ‘लाल औषध’ पडायचे, हे आपल्या वाडवडिलांनी पाहिलेले आहे. त्याचे नाव पोटॅशियम परमँगनेट. दिसायला काळपट जांभळे, चकचकीत खडे. चिमूटभर टाकले की घागरभर पाणी गुलाबी होते. त्यात मँगनीज असते. आपल्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या खाणींत सापडते तेच.

त्याचा मुख्य गुण म्हणजे अंगचा प्राणवायू दुसऱ्याला देणे. समोर जंतू येवो की कुजका पाला, त्याच्यावर हे औषध खर्ची पडते आणि शेवटी तपकिरी गाळ होऊन तळाशी बसते.

१८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यास पटकीचे जंतू तळ्याच्या पाण्यातही दाखवून दिले. पुढे १८९२ पासून आग्र्यास असलेले जंतुशास्त्रज्ञ हँकिन यांनी विहिरींत परमँगनेट टाकण्याचा पुरस्कार केला. खडे बादलीत विरघळवून विहिरीत सोडायचे, पाणी ढवळायचे आणि गुलाबी रंग टिकतो का ते बघायचे. रंग लगेच उडाला, तर औषध पाल्यापाचोळ्यातच संपले, असे समजायचे. उपाय स्वस्त, पण भरवशाचा नव्हे. म्हणून पुढे ब्लीचिंग पावडर आली, आणि आज गावोगाव टी.सी.एल. वापरतात.

हाच धडा सर्पदंशात फार महागात पडला. १८८१ मध्ये ब्राझीलच्या लासेर्दा यांनी हे औषध सापाच्या विषावर उतारा म्हणून सांगितले. काचेच्या नळीत विषाशी मिसळले की ते विष खरोखरच निकामी करते. मग हिंदुस्थानातही जखम चिरून त्यात खडे चोळण्याचा उपाय सुचवला गेला. पण शरीरात त्याला आधी भेटते ते मांस! मांस जळते आणि विष रक्तात पुढे निघून जाते. तेव्हा मंडळी, कोणी आजही हा उपाय सांगितला तर ऐकू नका. जखम चिरू नका, चोळू नका. दंश झालेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला तडक दवाखान्यात न्या. खरा उतारा प्रतिविषाची सुईच.

शिक्षकबंधूंनी वर्गात एक सोपा प्रयोग करावा. एका पेल्यात स्वच्छ पाणी, दुसऱ्यात पाला कुजलेले पाणी घ्यावे. दोन्हींत फिक्या गुलाबी द्रावणाचे सारखेच थेंब टाकावेत. रंग आधी कुठे उडतो, आणि का, हे मुलांनाच सांगू द्यावे.