मुक्ताचा निबंध

मैत्रिणींनो, बाईंनी किंवा गुरुजींनी वर्गात स्वतःची मतं सांगावीत का? त्यासाठी पुण्याच्या मुक्ता साळवेची गोष्ट पाहू. मांग समाजातली ही मुलगी जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकली. फुल्यांची मतं काही झाकलेली नव्हती. मांग-महारांच्या मुलींना शिकवायचं, हेच त्या काळी केवढं मोठं मत! ते तिच्या कानी पडलं असणारच. पण मुक्तानं निबंधात बाळंतिणींबद्दल लिहिलं. घरावर छप्पर नाही, थंडीपावसात त्यांचे किती हाल! हे घोकून येत नाही, वस्तीत पाहावं लागतं. आम्हाला वाटतं, शिक्षकांनी मत जरूर सांगावं, पण पोरींना प्रश्नही विचारू द्यावेत. वेद आमचे नाहीत, मग आमचा धर्म कोणता, असं मुक्तानं तर थेट देवालाच विचारलं. १८५५ साली ‘ज्ञानोदय’नं तिचा निबंध दोन अंकांत छापला.