बैलातून जन्मलेल्या मधमाश्या

झेंडूवर 'मधमाशी' बसलेली पाहून मी कितीदा हात मागे घेतला असेल! एकदा नीट पाहिले, तर पंख दोनच. मधमाशीला चार असतात. ती निघाली सिरफिड माशी. तिला नांगीच नसते. माझ्या या चुकीला मोठी परंपरा आहे. मेलेल्या बैलातून मधमाश्या जन्मतात, असे रोमन कवी व्हर्जिलने दोन हजार वर्षांपूर्वी लिहिले. ओस्टेन-साकेन या रशियन कीटकतज्ज्ञाने १८९४ च्या पुस्तकात उलगडा केला: कुजक्या, ओल्या घाणीत वाढणाऱ्या एरिस्टॅलिस या सिरफिड माश्यांनाच लोक मधमाश्या समजत होते. डोळ्यांना दिसले ते खोटे नव्हते, ओळख चुकली होती. म्हणून मी आता घाबरण्याआधी पंख मोजतो.