परटाची खूण आणि बिब्ब्याचे तेल

अनेक घरांचे कपडे एकाच घाटावर धुणाऱ्या परटाला प्रत्येक कपडा ज्याचा त्याच्याकडे परत जावा यासाठी साबण, सोडा आणि भट्टी यांनाही दाद न देणारी खूण हवी होती, आणि ती त्याला बिब्ब्याच्या तेलात सापडली. कोकणापासून विदर्भापर्यंतच्या पानझडी रानांत वाढणाऱ्या या झाडाचे फळ काळेभोर, चपटे व हृदयाच्या आकाराचे असून त्याच्या टणक कवचातील पोकळ्यांत दाट तेल साठलेले असते. फळात सुई खुपसून तिच्या टोकावर आलेल्या तेलाने परीट गळपट्टीच्या आत, नेफ्याजवळ किंवा धोतराच्या कोपऱ्यात ठिपके आणि रेघा काढीत. हे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून काळे पडे आणि त्याला चुन्याची जोड दिल्यास रंग अधिकच पक्का होई.

जो गुण खुणेला टिकाऊ करतो तोच त्वचेला बाधतो. तेलातील भिलावनॉल हे द्रव्य, म्हणजे लांब कर्बसाखळी जोडलेले एक कॅटेचोल, त्वचेत झिरपून तेथील प्रथिनांना चिकटते. शरीराची संरक्षक यंत्रणा त्या जोडीला परकी ठरवून लक्षात ठेवते, आणि पुढच्या स्पर्शानंतर एक-दोन दिवसांत त्या जागी खाज, सूज व पाणी भरलेले फोड उठतात. या विकाराला स्पर्शजन्य त्वचादाह म्हणतात. ताज्या तेलाने होणारी थेट भाजणूक याहून निराळी असली तरी एकाच हातावर दोन्ही दिसू शकतात. मराठीत या साऱ्याला ‘बिब्बा उतणे’ असा एकच शब्दप्रयोग आहे.

दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर असेच चट्टे उठू लागले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी कारणाचा माग थेट कपड्यांवरील खुणांपर्यंत काढला आणि 1943 साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात हा विकार परटाच्या खुणेच्या नावानेच नोंदवला. खूण जिथे टेके तिथेच चट्टा उमटत असल्याने निदान सोपे होते. तेल वाळून कपडा धुतला गेल्यावरही त्याची बाधकता उरते, ही त्यातली खरी महत्त्वाची गोष्ट होती. विषारी आयव्ही आणि जपानी लाखेचे झाड या वनस्पतीही बिब्ब्याच्याच कुळातील असून त्यांची दाहक द्रव्ये याच जातीची आहेत, त्यामुळे आयव्हीने आधीच संवेदनशील झालेल्या त्वचेला भारतातील ही खूण अनोळखी नव्हती.

भारतीय वैद्यकाला मात्र या तेलाचा धोका शतकानुशतके ठाऊक होता. चरकसंहितेत भल्लातक, म्हणजेच बिब्बा, रसायन म्हणून सांगताना त्याला अग्नीसारखे तीक्ष्ण म्हटले असून औषध घेण्यापूर्वी तोंडाला आतून तूप लावण्यास सांगितले आहे. नंतरच्या रसग्रंथांनी त्याला उपविषांत घालून विटेच्या चुऱ्यात घोळवून तेल शोषून घेण्याचा शोधनविधी दिला. स्निग्ध पदार्थाचा थर आणि तेल टिपणारी कोरडी पूड, हे दोन उपाय ग्रंथांबाहेर कष्टकऱ्यांच्या हातांतही टिकले, आणि ग्रंथांपेक्षा त्या हातांचा अनुभव कमी मोलाचा मानण्याचे काही कारण नाही.

परटाची खूण पुढे छापील चिठ्ठ्यांमुळे आणि शाईमुळे मागे पडली, पण बिब्ब्याचा स्पर्श संपला नाही. पायात काटा मोडल्यावर किंवा टाच भेगाळल्यावर बिब्ब्याचा चटका देण्याची घरगुती रीत, तसेच दुकानाच्या दारावर लिंबू-मिरच्यांबरोबर बिब्बा ओवून टांगण्याची प्रथा आजही आढळते, आणि ओवणाऱ्याने तीच बोटे डोळ्यांना लावली तर पापण्या सुजून मिटतात. सर्वांत मोठी झळ लागते ती डिंकाच्या लाडूंत घातली जाणारी गोडंबी काढण्यासाठी बिब्बे फोडणाऱ्या स्त्रियांना. दगडावर फळ धरून ठोकताना कवचातील तेल उडते, म्हणून हातांना खोबरेल आणि राख लावतात, तरीही नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या काळवंडतात. अशा कामात अखंड हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, डोळ्यांवर चष्मा, आणि तेल लागताच क्षणाचाही विलंब न करता साबणाने धुणे, नखांखालचा भाग विशेष घासणे, यांनी दाह बराच टळतो. कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळले, तर तेल मुलाबाळांच्या अंगापर्यंत पोहोचते.